‘प्रॉब्लेम दिसला नाही’ म्हणणाऱ्या सर्व्हिस सेंटरला काय दाखवायचं

प्रश्न थोडक्यात असा. कणकवलीच्या एका गृहस्थांची २०२१ च्या अखेरीस घेतलेली डिझेल एसयूव्ही आहे, ४६ हजार किलोमीटर झालेत. गेल्या पावसाळ्यापासून चालत्या गाडीत मधूनच एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाक घसरू न देणारी) आणि स्टीअरिंगचे दिवे एकदम लागतात, ‘पावसात होतं’ असं ते लिहितात, स्पीडोमीटर शून्यावर येतो, स्टीअरिंग जड होतं. थांबून गाडी बंद-चालू केली की सगळं जागच्या जागी. दोनदा पुश बटण दाबूनही सेल्फ फिरला नाही. सर्व्हिस सेंटरला चार फेऱ्या झाल्या. तीन वेळा ‘प्रॉब्लेम दिसला नाही’, चौथ्या वेळी ‘बीसीएम (दिवे, लॉक, वायपर सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल) बदलावा लागेल, ५८ हजार होतील, पण त्यानेच जाईल असं सांगू शकत नाही’. वाढीव वॉरंटी घेतलेली आहे, पण हा भाग तिच्यात बसत नाही असं तोंडी सांगितलंय. आणि जाता जाता त्यांनी लिहिलंय की दीड वर्षापूर्वी डाव्या बाजूला धडक बसून फेंडर आणि बॉनेटचं काम इन्शुरन्समध्ये झालं होतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज लिहिलंय, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २७ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. डायनमो-सेल्फ खोलण्यापासून सुरुवात केली, आता निम्मा दिवस स्कॅनरसमोर जातो. उत्तर लांबणार आहे. ‘अमुक बदला’ असं एका ओळीत सांगणाऱ्यांनीच तुम्हाला इथवर आणून सोडलंय.

बीसीएमला आत्ता होकार देऊ नका. बीसीएम कधी जात नाही असं नाही. पाणी शिरलं, कुणी उलट्या टर्मिनलवर जंप स्टार्ट दिला, तर जातो. बोर्डवरच्या सोल्डरला तडा गेला तर येतो-जातोही. पण तो तपासाचा शेवटचा थांबा आहे, पहिला नाही. हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मीच इंजिनचा ईसीएम, म्हणजे इंजिनचं कंट्रोल युनिट, बदलायला लावला होता. पंधरा दिवस गाडी छान चालली, सोळाव्या दिवशी पंचगंगेच्या पुलावर बंद पडली. फॉल्ट होता फ्यूज बॉक्समधल्या एका रिलेच्या सैल पिनमध्ये. ईसीएम बदलताना मी तो फ्यूज बॉक्स हलवला होता, म्हणून पंधरा दिवस बरं वाटलं. मजुरी परत केली, ईसीएमचे पैसे कुठून परत करणार? इलेक्ट्रॉनिक पार्ट एकदा बसवला की कुठलाच पार्टवाला परत घेत नाही. तुमच्या ५८ हजारांचंही तेच होईल.

आता तुमच्या गाडीत तीन दिवे एकदम का लागतात आणि स्पीडोमीटरही शून्यावर का येतो ते बघू. चार ठिकाणी चार बिघाड एकाच सेकंदाला होत नसतात. आजच्या गाडीत दहा-पंधरा कंट्रोल युनिट असतात आणि ती कॅन नावाच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवर सतत बोलत असतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली, आता सगळ्याच गाड्यांत आहे. चाकांचा वेग मोजतं एबीएसचं युनिट. तेच तो आकडा स्पीडोमीटरला देतं, ट्रॅक्शनला देतं, स्टीअरिंग किती हलकं ठेवायचं ते ठरवणाऱ्या युनिटलाही देतं. एबीएस युनिट दोन सेकंद गप्प बसलं की बाकीचे सगळे ओरडायला लागतात. दिवे ओरडणाऱ्यांचे लागतात, गप्प बसणारा वेगळाच असतो.

म्हणून सगळे मॉड्यूल, म्हणजे हीच युनिटं, स्कॅन केल्यावर मी पहिल्यांदा ‘यू’ने सुरू होणारे बिघाडाचे कोड बघतो. यू म्हणजे आपसातल्या बोलण्यातला बिघाड. यू ०१२१ म्हणजे ‘एबीएसशी संपर्क तुटला’, यू ०१०० म्हणजे ‘इंजिनच्या युनिटशी संपर्क तुटला’. पाच युनिट एकाच्या नावाने तक्रार करतात आणि त्या एकाकडे स्वतःची काहीच तक्रार नाही, किंवा फक्त ‘व्होल्टेज कमी’ एवढीच नोंद आहे, तर ते युनिट बिघडलेलं नसून उपाशी आहे. त्याला करंट पोचत नाही, किंवा पोचलेला करंट परत जायला रस्ता नाही. तुमच्या लक्षणांवरून संशय एबीएसच्या सप्लायवर आणि अर्थिंगवर जातो, बीसीएमवर नाही.

आणि ‘पावसात होतं’ या तुमच्या शब्दांबद्दल. पावसात होतं म्हणजे पाणी शिरलंय, असं सगळेच धरून चालतात. मीही पूर्वी धरायचो. पण पावसात गाडीत आणखी काय काय होतं बघा. वायपर चालू, हेडलाइट चालू, काच धुरकटते म्हणून ब्लोअर पुऱ्यावर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू. त्यात तुम्ही फोंडा घाट चढत असाल तर वळणावळणावर इलेक्ट्रिक स्टीअरिंग ताकद लावतंय. हळू वेगात स्टीअरिंग पुरतं फिरवताना ती मोटर काही क्षण ५० अँपिअरच्या आसपासही खेचते. हा सगळा करंट बॉडीतून, अर्थिंगच्या दोन-चार बोल्टमधून बॅटरीकडे परत जातो. एखादा बोल्ट अर्धवट चिकटलेला असेल तर कोरड्या दुपारी हायवेवर काही कळणार नाही. आणि सर्व्हिस सेंटरचा ड्रायव्हर टेस्ट ड्राइव्हला नेमकं तेच करतो, कोरड्या दुपारी हायवेवर चार किलोमीटर. डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तसा फॉल्ट पळून जातो.

तेव्हा तुम्ही आधी एवढं आठवा: रात्रीच्या पावसात होतं की दिवसाच्याही? गाडी उभी असताना, नुसता पाऊस पडत असताना कधी झालंय का? वळताना होतं की सरळ रस्त्यावर? पाऊस थांबून तासभर झाल्यावरही होत असेल तर पाण्याचा संशय वाढतो. लोड चढला, म्हणजे दिवे-ब्लोअर-स्टीअरिंग एकदम करंट खेचायला लागले, की लगेच होत असेल तर अर्थिंगचा.

सुरुवात मात्र बॅटरीपासून, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिच्या केबल संशयित. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत चार्जिंग काँप्युटर ठरवतो, त्यामुळे मधेच १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, थोडा वेळ बघत राहा. तुमच्या गाडीला स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर बॅटरी ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ मारणं सोसणाऱ्या जातीचीच हवी. कुणी स्वस्तात साधी बसवून दिली असेल तर वर्षभरात असले खेळ सुरू होतात.

आता अर्थिंग. इथे थोडा थांबतो.

गेल्या वर्षी मालवणहून एक गाडी आली, लक्षणं जवळपास तुमचीच. आधीच्या दोन ठिकाणी दोन व्हील स्पीड सेन्सर आणि एक बॅटरी बदलून झाली होती. मी मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर. पोस्टवर म्हणजे शिशाच्या खुंटावर, वरच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्येच कधी कधी घाण असते आणि क्लॅम्पवर मोजलं तर ती दिसतच नाही. लाल प्रोब एबीएसच्या अर्थिंग बोल्टवर, थिंबलच्या (वायरच्या टोकाला असलेल्या, बोल्टखाली बसणाऱ्या कडीच्या) पितळेला टेकवून. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका करंटचा परतीचा रस्ता मोकळा. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: ०.०३ व्होल्ट. उत्तम. कुणीही इथे पाहून ‘अर्थिंग ओके’ लिहील. मग मुलाला आत बसवलं. हाय बीम, ब्लोअर चारवर, डिफॉगर, आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. आकडा ०.४, ०.७, आणि स्टीअरिंग टोकाला थांबलं तेव्हा १.३. मुलगा आतून ओरडला, “बाबा, दिवे लागले.” मी थिंबल अंगठ्याने दाबलं, आकडा ०.१ वर.

बोल्ट काढला. थिंबलखाली चंदेरी रंग होता, गाडीचाच रंग, छान एकसारखा मारलेला. डेंटिंग-पेंटिंगनंतर बोल्टची जागा न खरवडता रंगावरच थिंबल बसवलं होतं. बोल्टच्या आट्यांतून जेवढा काही संपर्क येत होता त्यावर गाडी दीड वर्ष चालली, मग समुद्राकाठच्या हवेने आट्यांवर हिरवी भुकटी आणली आणि तेवढाही रस्ता बंद झाला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, थिंबल घासलं, बोल्ट नवा लावला, घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन. परत मोजलं तर पुऱ्या लोडला ०.०५. सामान दीडशे रुपयांचंही नव्हतं.

म्हणून तुमचं ते धडकेचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. डाव्या फेंडरच्या आत, बॅटरीच्या खोक्याजवळ, बऱ्याच गाड्यांत अर्थिंगचे एक-दोन बोल्ट असतात. तुमच्या गाडीतही तसंच झालंय असं मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही. पण मोजून बघायला पैसे लागत नाहीत. पुऱ्या लोडला बॉडीच्या अर्थिंगवर ०.१ पर्यंत ठीक, ०.२ च्या वर गेलं तर बोल्ट उघडायचा. इंजिन ते बॅटरी या जाड केबलवर सेल्फ मारताना थोडं जास्त चालतं.

एक सूचना, कारण ही चूक शिकलेले लोकही करतात. अर्थिंग ओहममध्ये मोजू नका. केबलच्या चाळीस तारांतल्या एकोणचाळीस तुटल्या तरी मीटर शून्य ओहमच दाखवेल, कारण मीटर तिच्यातून नखाएवढाच करंट पाठवतो. त्या एका तारेवर हेडलाइट पेटणार नाही. लोड टाकून व्होल्ट मोजणं हीच खरी परीक्षा.

पाण्याकडेही बघा, कोकणातली गाडी आहे. वायपरखालच्या जाळीत साठलेला पाला काढा. तिथून पाणी जायची भोकं बुजली की ते आत उतरतं. पुढची काच कधी बदलली असेल तर तिच्या सीलमधून खांबाच्या आतून पाणी थेट डॅशखालच्या फ्यूज बॉक्सवर येतं. सनरूफ असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या. तपासायची सोपी पद्धत: पुढच्या दोन्ही बाजूंचं मॅट उचलून खालच्या फोममध्ये हात घाला. वरून कोरडं आणि खाली ओलं हे नेहमीचं. कुबट वास येत असेल तर हात घालायचीही गरज नाही.

पाणी कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीच्या प्लगमध्ये, शिरलं की नुसतं गंजत नाही, वायरच्या आतून चढतं. केशिकांनी पाणी चढावं तसं तांब्याच्या तारांमधून फूटभर पुढे जातं, आणि वायर वरून नवीकोरी दिसते. कपलरजवळ वायर वाकवून बघा, कडक लागली तर आत हिरवं आहे असं समजा.

बाकीच्या ठिकाणांबद्दल आटोपशीर सांगतो. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरी हजारो वेळा वाकून आतून तुटतात. सेंट्रल लॉक आणि पॉवर विंडो अधूनमधून जात असेल तर तिथे बघा. हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा एकत्र असेल तर स्टीअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टीअरिंगसोबत फिरणारी वायरची गुंडाळी. सीटखालचे पिवळे कपलर सीट मागेपुढे करताना ढिले होतात, त्यानेही एअरबॅगचा दिवा लागतो. पण पिवळ्या कपलरला स्वतः हात लावू नका आणि त्यात मल्टीमीटर तर मुळीच घालू नका. एअरबॅग उडवायला फार थोडा करंट लागतो. उंदरांचं वेगळं सांगायला नको. आमच्याकडे उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांची निम्मी वायरिंग उंदरांच्या पोटात असते.

आणि बाहेरून बसवलेल्या वस्तू. डॅशकॅम, जीपीएस, म्युझिक सिस्टिम, जादा हॉर्न, एलईडी बल्ब. यातलं जे जे वायर सोलून, चिमटा मारून जोडलंय ते आठवडाभर काढून ठेवा. काढून ठेवा म्हणजे फ्यूजपासून काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. तपासासाठी तर हे हवंच, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारायला पहिली सबब हीच सापडते.

सेल्फ न फिरण्याचं मात्र वेगळं असू शकतं, सगळे फॉल्ट एकाच पिशवीत भरू नका. पुश बटणाच्या गाडीत ब्रेक दाबल्याचं काँप्युटरला कळलं तरच सेल्फ फिरतो. ते कळवणारा ब्रेक पॅडलवरचा छोटा स्विच झिजला की बटण दाबून काही होत नाही. पुढच्या वेळी असं झालं की घरातल्या कुणाला मागे उभं करून ब्रेकलाइट लागतो का ते बघा. लागला नाही तर स्विच. लागला तर चावीतला नाण्याएवढा सेल बदलून बघा. दोन्ही काही शेकड्यांच्या आतली कामं आहेत.

इतकं सगळं बाहेर तपासता येतं, तर माझ्याकडेच घेऊन या, असं म्हणायला हवं ना? पण इलेक्ट्रिशियन असूनही सांगतो, वॉरंटी शिल्लक आहे तोवर माझ्यासारख्याला वायर कापू देऊ नका. व्होल्ट मोजायला, मॅट उचलायला हरकत नाही. एकदा टेप गुंडाळलेला जोड दिसला की पुढचं सगळं तुमच्या माथी.

आता सर्व्हिस सेंटर. तिथली माणसं वाईट असतात असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे शिकलेली पोरं माझ्याकडे काम करून गेलीत. पण तिथला हिशेब असा चालतो: प्रत्येक कामाला ठरलेला वेळ आणि ठरलेली मजुरी. ऑइल बदलायला वेळ ठरलेला आहे, ‘तीन दिवस वायरिंग हलवत बसणे’ याला नाही. वॉरंटीत क्लेम करायचा तर कुठला पार्ट निकामी झाला ते लिहावं लागतं. जुना पार्ट कंपनी मागवून तपासू शकते, आणि तो चांगला निघाला तर ते पैसे डीलरच्या अंगावर येतात. म्हणून डोळ्यांसमोर फॉल्ट दिसल्याशिवाय वॉरंटीत कुणी काही बदलत नाही. गिऱ्हाईक स्वतः पैसे देणार असेल तर मात्र बदलायला लगेच तयार, कारण तिथे चूक निघाली तरी भुर्दंड तुमचा. तुमचा बीसीएम तीन वेळा ‘ओके’ होता आणि चौथ्या वेळी पैसे तुम्ही देणार म्हटल्यावर खराब झाला, याचं कारण एवढंच असावं.

फॉल्ट आला तेव्हा गाडीत फक्त तुम्ही होता. त्यामुळे पुरावा तुम्हीच गोळा करायचा. वहीत तारीख, वेळ, किलोमीटर, पाऊस, दिवे-ब्लोअर-डिफॉगर काय चालू होतं, वेग, वळण की सरळ, कुठले दिवे लागले, किती वेळ राहिले. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यातून आपोआप काहीतरी दिसायला लागतं. व्हिडिओ शेजारी बसणाऱ्याने काढायचा, स्टीअरिंग जड झालेलं असताना चालवणाऱ्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही. घाटात असं झालं तर आधी बाजूला थांबा. एबीएसचा दिवा असताना साधा ब्रेक लागतो, पण चाक जाम होण्यापासून वाचवणारं कुणी नसतं, आणि ओल्या उतारावर ते महत्त्वाचं आहे.

फॉल्ट येऊन गेला की बॅटरीची वायर काढू नका. ‘टर्मिनल काढून लावा, रिसेट होईल’ हा सल्ला गावोगाव मिळतो. रिसेट होतं, आणि सोबत बराचसा पुरावाही पुसला जातो. स्कॅनर लावल्या लावल्या कोड उडवून टाकणारेही आहेत. कोड उडवण्याआधी सगळ्या मॉड्यूलचा रिपोर्ट प्रिंट करून द्या असं सांगा, आणि त्यात फ्रीझ फ्रेम मागा. कोड नोंदला त्या क्षणी वेग किती, व्होल्टेज किती, याचा तो टिपलेला क्षण असतो. तिथे ९ किंवा १० व्होल्ट दिसले तर बीसीएमची चर्चा तिथेच संपते. ब्लूटूथचं स्वस्त डोंगल घेऊन मोबाइलवर बघायचा मोह होईल. ते बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतं, एबीएस आणि बीसीएमपर्यंत पोचत नाही. आणि ते कायम लावून ठेवू नका, बॅटरी खातं.

जॉब कार्डवर सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर ‘चेक इलेक्ट्रिकल’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो. सही करण्यापूर्वी तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. उदाहरणार्थ: ‘हेडलाइट, ब्लोअर, डिफॉगर चालू असताना आणि स्टीअरिंग पूर्ण वळवताना एबीएस, ट्रॅक्शन व स्टीअरिंगचे दिवे एकत्र लागतात, स्पीडोमीटर शून्य होतो. याच स्थितीत तपासावे. एबीएस व स्टीअरिंगच्या अर्थिंगचा लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजून आकडा लिहावा.’ आकडा लिहावा, हे दोन शब्द विसरू नका. ‘अर्थिंग चेक केलं, ओके’ असं कुणीही लिहील. ‘०.०६ व्होल्ट’ लिहायला मीटर हातात घ्यावा लागतो.

गाडी सोडताना आणि घेताना किलोमीटर जॉब कार्डवर आहेत ना ते बघा. तीन दिवस गाडी ठेवून, ‘खूप टेस्ट ड्राइव्ह केली, काही आढळलं नाही’ म्हणतात आणि किलोमीटर दोनने वाढलेले असतात, असं मी किती वेळा पाहिलंय. त्यावर भांडायचं नाही, फक्त दोन्ही आकड्यांना गोल करून फोटो काढून ठेवायचा. ॲडव्हायझरशी वाद घालण्यापेक्षा ‘फ्लोअरवर इलेक्ट्रिकल कोण बघतं, त्यांच्यासोबत मी गाडीत बसतो’ असं म्हणा. प्रत्येक सेंटरमध्ये एखादा जाणता असतो, गिऱ्हाइकापर्यंत तो पोचत नाही एवढंच.

बीसीएमच्या एस्टिमेटवर दोन प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नाही. कुठल्या तपासणीत तो खराब निघाला? आणि बदलल्यावर हाच फॉल्ट परत आला तर काय? पहिल्याचं उत्तर ‘ट्राय करून बघू’ असं आलं तर तुमचं काम झालं, कारण ते लेखी आलंय. वाढीव वॉरंटीत हा भाग बसत नाही म्हणतात, तर त्या पुस्तिकेतलं नेमकं कलम मागा. कलमाचा नंबर मागितला की बऱ्याचदा भाग वॉरंटीत बसायला लागतो. आणि एक लक्षात घ्या, फेंडरचं काम याच सेंटरमध्ये झालं असेल आणि रंगावर अर्थिंग बसवलेलं निघालं, तर तो वॉरंटीचा प्रश्नच नाही. ती त्यांच्या कामातली चूक, पैसे त्यांनीच सोसायचे.

डीलरकडे आठ-दहा दिवसांत हालचाल झाली नाही तर कंपनीच्या ग्राहक विभागाला चेसिस नंबर, चारही जॉब कार्ड नंबर आणि वहीतल्या नोंदी एकाच ईमेलमध्ये पाठवा आणि त्या भागाच्या सर्व्हिस मॅनेजरने गाडी बघावी अशी मागणी करा. राग ओतू नका. वीस ओळींच्या रागातली उपयोगाची ओळ शोधायला कुणाला वेळ नसतो.

त्याच्यापुढे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथली तक्रार कंपनीकडे जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला सिंधुदुर्गातच, डीलर कुठलाही असो. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ३८ व्या कलमात आयोग सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. पण खरं सांगायचं तर, ‘गाडीत उत्पादन दोष आहे, नवी द्या’ हे सिद्ध करणं अवघड जातं, तज्ज्ञांचा अहवाल लागतो. अमेरिकेतल्या राज्यांत अशा गाड्यांसाठी ‘लेमन लॉ’ आहेत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. ‘चार वेळा गाडी नेली, तपासलीच नाही, कारण न दाखवता ५८ हजार मागितले’ ही सेवेतली त्रुटी झाली, आणि ती जॉब कार्डांवरच दिसते. त्या किलोमीटरच्या गोल केलेल्या आकड्यांचा उपयोग तिथे होतो.

थोडं विषयांतर. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मुद्दा हाच की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. पुढे अपिलं झाली. माझ्या दुकानात आजही असे मॉड्यूल येतात की मीटरने मी फॉल्ट शोधतो, आणि नवा पार्ट कोड करायला गाडी परत त्याच सेंटरला पाठवावी लागते. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी छताकडे.

तुमच्यापुरतं आता एवढं करा. या रविवारी बॅटरीजवळचे डाव्या बाजूचे अर्थिंगचे बोल्ट शोधा. थिंबलखाली गाडीचा रंग दिसतोय का ते टॉर्चने बघा आणि उघडण्याआधी फोटो काढा, फोटो काढल्याशिवाय पाना लावू नका. रंग दिसला तर बोल्ट तसाच ठेवून सर्व्हिस सेंटरला न्या आणि त्यांच्यासमोर मोजायला लावा. रंग नसेल तर मीटर लावून आधी लोडशिवाय आणि मग पुऱ्या लोडला, स्टीअरिंग टोकाला नेऊन, दोन्ही आकडे घ्या. एबीएस युनिटच्या प्लस वायरवरही तसंच: बॅटरीच्या प्लस खुंटापासून युनिटच्या फ्यूजपर्यंत किती व्होल्ट पडतात ते. चारही आकडे आणि पावसाची, लोडची ती उत्तरं मला कळवा, मग फ्यूज बॉक्स उघडायचा का ते ठरवू.